एकाच वृत्तातली धाव

पनवेलहून गोव्याच्या रस्त्याला लागावे, पळस्पे मागे पडले की थोड्याच वेळात आमचे शिरढोण येते. वासुदेव बळवंत फडक्यांचे जन्मगाव म्हणून लोक ते ओळखतात. पण हमरस्त्याने जाणाऱ्याच्या नजरेत आधी भरतो तो कर्नाळ्याचा सुळका, आणि त्याखालोखाल रस्त्याकडेची गॅरेजे. अशाच एका गॅरेजात परवा जुन्या मारुती ८००चे इंजिन उतरवून एका झिजलेल्या टायरवर ठेवलेले पाहिले. गाडीच्या पोटात असताना ज्याच्याकडे कुणी वळूनही पाहत नाही, ते इंजिन असे उघड्यावर आले की त्याचे लहानपण एकदम डोळ्यांत भरते. चेनपुलीने उचललेले, तेलाने काळवंडलेले, दोन माणसांनी वाशाला अडकवून न्यावे एवढेच ते. आणि ते पाहताना मला ज्या गाडीची आठवण झाली तिला दारे नाहीत, टप नाही, चाकांवर मडगार्डही नाहीत. आपण थोडा वेळ त्या गाडीपाशी थांबू.

आधी त्या इंजिनाचा ठोका ऐकू. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिली मारुती ८०० रस्त्यावर आली, आणि पुढची तीसेक वर्षे तिचा आवाज आपल्या घरांच्या अंगणात, लग्नाच्या वरातींत, घाटातल्या चढांवर इतका मुरला की तो आवाज आहे हेच आपण विसरलो. ७९६ सीसी, तीन सिलिंडर, जेमतेम चाळीसच्या आतली अश्वशक्ती. चार सिलिंडरच्या इंजिनात क्रँकच्या दोन फेऱ्यांत चार ठिणग्या पडतात, सम समेवर, त्रितालाच्या चौकोनी चालीसारख्या. इथे त्याच दोन फेऱ्यांत तीन. म्हणून जागच्या जागी सुरू असलेली मारुती किंचित झुलते, तिच्या ठोक्यात दादऱ्याचा तीन-तीनचा हिंदोळा येतो. वेग वाढला की तो हिंदोळा मिटून एक घोगरा, सलग स्वर उरतो. हा स्वर चालकाच्या पायांपुढे, पत्र्याच्या आड असताना घरगुती वाटतो. तोच त्याच्या पाठीच्या कण्याला टेकून, उघड्या आकाशाखाली, रेडलाइनपर्यंत चढत गेला तर? कोइमतूरचे एस. करिवर्धन यांनी १९८०च्या दशकात या प्रश्नाचे उत्तर हातांनी घडवले. त्याचे नाव फॉर्म्युला मारुती.

करिवर्धन गिरणीमालकांच्या नगरीतले, स्वतः शर्यतीत उतरणारे आणि स्वतःच गाड्या बांधणारे. देशात शर्यतीची गाडी आयात करणे म्हणजे राजेरजवाड्यांचे काम होते. आणि कौशल्य असलेल्या मुलाकडे गाडी नाही, गाडी असलेल्याकडे कौशल्य असेलच असे नाही, ही अडचण जुनीच. त्यांनी जे केले त्यातली सुंदर गोष्ट अशी, की त्यांनी शक्तिमान इंजिनाचा शोध घेतलाच नाही. जे प्रत्येक तालुक्याच्या गावी मिळते, ज्याचा पिस्टन, गॅस्केट, क्लचप्लेट कोपऱ्यावरच्या दुकानात टांगलेली असते, ते इंजिन त्यांनी उचलले, चालकाच्या पाठीमागे बसवले, भोवती एक हलका सांगाडा आणि फायबरची निमुळती काया दिली. मद्रासजवळच्या शोलावरमच्या जुन्या, दुसऱ्या महायुद्धातल्या धावपट्टीवर, आणि १९९०पासून श्रीपेरुंबुदूरजवळच्या इरुंगाट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर या गाड्या धावल्या. कोइमतूरचाच एक किशोरवयीन मुलगा त्यांतल्याच एका गाडीत बसून शर्यत शिकला. तो नारायण कार्तिकेयन, जो २००५ साली जॉर्डन संघाकडून फॉर्म्युला वनमध्ये उतरणारा पहिला भारतीय ठरला. करिवर्धन ते पाहायला उरले नाहीत. १९९५ साली विमान अपघातात ते गेले. कोइमतूरजवळ चेट्टिपाळयमला २००३ साली सुरू झालेला २.१ किलोमीटरचा ट्रॅक त्यांच्या नावाने ओळखला जातो: करी मोटर स्पीडवे.

पण घरगुती गाडीच्या पोटातून शर्यतीचे पाखरू काढण्याची ही कल्पना आपण तिच्या मुळाशी जाऊन पाहिली, तर तिथे आपल्याला आणखी एक घरगुती गाडी भेटते, फोक्सवॅगनची बीटल. अमेरिकेत फ्लोरिडामध्ये ह्युबर्ट ब्रंडेज नावाचे फोक्सवॅगनचे एक विक्रेते होते. त्यांनी १९५९च्या सुमारास इटलीतल्या तुरीनच्या नार्दी यांच्याकडून बीटलच्या सुट्या भागांची एक उघड्या चाकांची गाडी बांधून घेतली. तिच्यातून पुढे शर्यतींचा एक वर्ग जन्मला, आणि १९६३ साली अमेरिकेच्या स्पोर्ट्‌स कार क्लबने, म्हणजे हौशी शर्यतपटूंच्या मातृसंस्थेने, त्याला मान्यता दिली: फॉर्म्युला वी. फोक्सवॅगनचा व्ही, जर्मन धाटणीने उच्चारलेला नव्हे, अमेरिकन जिभेवर रुळलेला. सांगाडा कुणीही बांधावा, काया कशीही घडवावी. पण बाराशे सीसीचे हवेने थंड होणारे इंजिन, गिअरबॉक्स, पुढचा अ‍ॅक्सल, ब्रेक हे बीटलचेच. पंख नाहीत, रुंद टायर नाहीत.

या गाडीतली माझी सर्वांत लाडकी जागा कुठली विचाराल तर ती बाहेरून दिसतच नाही. बीटलचे इंजिन मागच्या अ‍ॅक्सलच्याही मागे, गाडीच्या शेपटीत लटकलेले असते. शर्यतीच्या गाडीत एवढा जड ऐवज शेवटाला लोंबता ठेवून चालत नाही. वळणावर तो लंबकासारखा झोके घेतो. म्हणून बांधणाऱ्यांनी इंजिन आणि गिअरबॉक्स ही सगळी जोडी उचलून पूर्ण उलट फिरवली. इंजिन आता अ‍ॅक्सलच्या पुढे, चालकाच्या पाठीशी आले. वजन जिथे हवे तिथे बसले. पण तोंड फिरवले की डाव्याचे उजवे होते. चाके उलट दिशेने फिरू लागली. म्हणजे मागे जायला चार गिअर आणि पुढे जायला एक! आता यावर नवा गिअरबॉक्स घडवणे हा श्रीमंत उपाय झाला असता. या माणसांनी गिअरबॉक्स उघडला, पिनियन नावाच्या लहान दातेरी चाकाच्या एका अंगाला असलेले मोठे दातेरी चाक, म्हणजे क्राउन, काढले आणि दुसऱ्या अंगाला बसवले. बस्स. एकही नवा दात कापला नाही, एकही नवा तुकडा ओतला नाही. तेच क्राउन, तेच पिनियन, फक्त बाजू बदलली, आणि मागे पळणारी गाडी पुढे पळू लागली. वाक्यातला एकच शब्द अलीकडून पलीकडे नेला आणि सगळा अर्थ उजळला, असे एखाद्या कसलेल्या कवीच्या हातून घडते तेव्हा आपण जसे क्षणभर पुस्तक मिटून बसतो, तसे मला या जागी बसावेसे वाटते.

पुढचा अ‍ॅक्सलही असाच निरखण्याजोगा. दोन आडव्या नळ्या एकीखाली एक, आणि त्यांच्या पोटात पोलादी पट्ट्यांच्या जुड्या. चाक वर उचलले गेले की त्या पट्ट्या पिळल्या जातात, आणि त्या पिळातूनच स्प्रिंगचे काम होते. दिसायला अगदी बैलगाडीच्या साट्याइतका साधा सरळ तुकडा. मागची बाजू मात्र मानी. बीटलचा मागचा अर्धा-अर्धा अ‍ॅक्सल गिअरबॉक्सपाशी बिजागरीसारखा हलतो, त्यामुळे भरधाव वळणावर गाडीची पाठ उचलली गेली की चाके आत दुमडू पाहतात आणि गाडी पायात पाय अडकल्यासारखी लटपटते. यंत्र नेहमीचे, खोडही नेहमीचीच. नियम म्हणतो, खोड बदलू नका, तिच्याशी जमवून घ्या. तेव्हा बांधणाऱ्यांनी दोन्ही चाकांना वेगवेगळी स्प्रिंग देण्याऐवजी दोघांचा भार मिळून एकाच स्प्रिंगवर टाकण्याची युक्ती काढली; पाठ उचलू लागली तर तिला ही स्प्रिंग रोखते, पण वळणावर कलण्याला मात्र अडवत नाही. कलण्याचा तो सगळा भार मग पुढच्या त्या साध्यासुध्या अ‍ॅक्सलने सांभाळायचा. मर्यादेने शोधायला लावलेले हे सौंदर्य आहे. भरपूर पैसा असता तर हा अ‍ॅक्सल सरळ टाकूनच दिला असता, आणि मग ही युक्ती कुणाला सुचलीच नसती.

आता आपण जरा दूर, ट्रॅकच्या कठड्यापाशी उभे राहू आणि उघड्या चाकांकडे पाहू. बंद गाडीत चाक हे मडगार्डच्या सावलीत लपलेले असते. गाडी वळते आहे एवढेच आपल्याला कळते. या गाडीत पुढची दोन्ही चाके संपूर्ण उघडी असतात, आणि म्हणून चालकाचा हात आपल्याला चाकात दिसतो. वळणात शिरताना त्याने एकदाच, मऊपणे स्टिअरिंग वळवले, की थबकत, चाचपडत वळवले. मागचे अंग घसरू लागताच त्याने किती हलकेच चाक उलट दिले आणि किती लगेच परत घेतले: हे सगळे त्या रबरावर लिहिलेले आपण वाचू शकतो. सतारीवरची मींड ऐकताना डोळे जसे नकळत कलावंताच्या डाव्या बोटांकडे जातात, तसे इथे डोळे पुढच्या चाकांवर खिळतात. मला तरी या वर्गाचे सगळ्यांत मोठे सुख हेच वाटते.

आणि याच उघडेपणातून या खेळाची एक शालीनता उपजली आहे. पुढे धावणाऱ्या चाकाची पुढची कड खाली येत असते आणि मागची कड वर चढत असते. तुमच्या पुढच्या चाकाची कड समोरच्या गाडीच्या मागच्या चाकाला भिडली, की ते वर जाणारे रबर तुमच्या चाकाला शिडीसारखे उचलते. क्षणार्धात अख्खी गाडी हवेत जाऊ शकते. बंद गाड्यांच्या शर्यतीत खांद्याला खांदा घासून वाट काढता येते, पत्रा चेपला तर चेपला. इथे तसे नाही. इथे दोन चालक एका वळणात जोडीने शिरतात तेव्हा त्यांच्या चाकांमध्ये हातभर अंतर असते, आणि ते अंतर दोघांनी मिळून, न बोलता राखलेले असते. तू मला जागा सोडशील हा माझा विश्वास, मी तुझ्या वाटेत घुसणार नाही हा तुझा. दीडशेच्या आसपासच्या वेगाला हा विश्वास टिकतो, आणि तो टिकवणारी माणसे आठवडाभर दुकान, वर्कशॉप, कचेरी सांभाळून शनिवार-रविवारी गाडी ट्रेलरवर लादून आलेली, स्वतःच पाना हातात घेऊन तेलाने माखलेली असतात. इंग्लंडात ७५० मोटर क्लबच्या शर्यतींत, आयर्लंडच्या माँडेलो पार्कला, अमेरिकेच्या डझनभर ट्रॅकवर हा वर्ग आजही याच माणसांच्या जिवावर चालतो. निकी लाउडा, केके रोसबर्ग, ब्राझीलचा इमर्सन फित्तिपाल्दी हे पुढे जगज्जेते झालेले तिघेही या छोट्या गाडीतून गेले, ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते आणि सांगावीही. पण त्या दिवशी त्यांच्यामागे पंधराव्या क्रमांकावर आलेला, सोमवारी पुन्हा कामावर गेलेला माणूस हा या वर्गाचा खरा धनी आहे, असे मला मनापासून वाटते.

शर्यत संपली की गाडी वजनकाट्यावर येते. अमेरिकेतल्या नियमाप्रमाणे फॉर्म्युला वीचे किमान वजन आहे १०२५ पौंड, म्हणजे सुमारे ४६५ किलो, आणि ते चालकासकट. हे 'चालकासकट' किती हृद्य आहे पाहा. किडकिडीत माणसाला गाडीत शिशाची भर घालावी लागते, थोराड माणसाला गाडी हलकी करावी लागते. काट्यावर शिरस्त्राण घातलेला देह आणि पोलाद यांचा एकच आकडा उमटतो. यंत्र वेगळे आणि माणूस वेगळा, असे हा काटा मानतच नाही.

हे सगळे पाहताना माझ्या मनात पुन्हा पुन्हा आपली वृत्ते येतात. सगळ्या गाड्या सारख्याच, तर मग पाहायचे काय, असे मला विचारले जाते. पण भुजंगप्रयात घ्या. एका चरणात चार य-गण, बारा अक्षरे, लघू कुठे आणि गुरू कुठे हे आधीच ठरलेले. समर्थांनी मनाचे श्लोक याच वृत्तात लिहिले. त्या वृत्तात आणखी कितीकांनी लिहिले. वृत्त सगळ्यांना सारखेच मिळाले होते. मग एकाचा श्लोक पहाटेच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या का घुमतो आणि दुसऱ्याचा वहीतच का राहतो? वृत्त बांधलेले असते म्हणूनच कवीचा श्वास ऐकू येतो. सर्व गाड्यांना एकच इंजिन, एकच सांगाडा, एकच टायर देणारे जे वर्ग आहेत, त्यांना शर्यतीची माणसे 'स्पेक' म्हणतात. ते या गणवृत्तांसारखे. फॉर्म्युला वी मात्र आपल्या ओवीच्या जातीचा. ओवीत चरणांची चाल ठरलेली, यमकाची जागा ठरलेली, पण अक्षरांना थोडी मोकळीक. म्हणून ज्ञानेश्वरांची साडेतीन चरणी ओवी वेगळी झुळझुळते आणि एकनाथांची साडेचार चरणी वेगळी वाहते, तरी दोन्ही ओव्याच. वीमध्येही सांगाडा बांधणाऱ्याला तेवढीच मोकळीक आहे, तेवढीच आणि त्याहून तसूभर अधिक नाही.

आमच्या रायगड जिल्ह्याला शर्यत नवी नाही. बैलगाड्यांच्या शर्यतींवरची बंदी उठावी म्हणून इथल्या माणसांनी वर्षानुवर्षे वाट पाहिली, आणि २०२१च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने परवानगी दिली तेव्हा गावोगावी गुलाल उधळला गेला. त्या शर्यतीत पहिला प्रश्न असतो, जोडी कुणाची? बैलाचे नाव पाठ असते, त्याची खुराक, त्याचे खांदे, त्याच्या आईची पैदास यांवर पारावर रात्री रंगतात. आणि ते योग्यच आहे, तिथे वैभव बैलाचे आहे. स्पेक शर्यतीत हाच प्रश्न मुळातून काढून टाकलेला असतो. सगळ्यांच्या जुवाखाली एकाच गोठ्यातली जोडी. उरतो फक्त कासरा धरणारा हात. दोन्ही शर्यतींवर माझे प्रेम आहे, पण त्यांचे रस वेगळे आहेत, आणि एकीची चव घेऊन दुसरीकडे गेले की जीभ थोडी धुऊन घ्यावी लागते.

करिवर्धनांनी लावलेले झाड आज एलजीबी फॉर्म्युला फोरच्या रूपाने उभे आहे. नावातले एलजीबी हे कोइमतूरच्याच साखळ्या बनवणाऱ्या उद्योगाचे, आणि पाठीशी इंजिन अजूनही मारुतीचेच, आता तेराशे सीसीचे. जे. के. टायरच्या राष्ट्रीय स्पर्धेत याच प्रकारच्या गाड्यांवर नवशिक्यांसाठी वेगळा नोव्हिस कपही असतो. आणि या गाड्यांत बसलेली मराठी मुले पाहायची असतील तर कोल्हापूरकडे पाहावे. तिथल्या मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर गो-कार्ट चालवत मुले मोठी झाली. ध्रुव मोहिते, चित्तेश मंडोडी ही कोल्हापूरची नावे राष्ट्रीय शर्यतींत दिसली, कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्रीपर्यंत गेला. ज्या शहरात शाहू महाराजांनी खासबागचे मैदान बांधले, त्या शहराला सारख्या वजनाच्या दोन मल्लांत डाव कुणाचा सरस हे ओळखण्याची नजर उपजतच आहे. तीच नजर इथे लागते. पहिल्या आणि आठव्या गाडीच्या फेरीच्या वेळेत पापणी लवण्याइतका फरक असेल, तर तो फरक कुठल्या वळणावर, ब्रेक सोडण्याच्या कुठल्या क्षणी जन्मला, हे शोधणाऱ्याला ही शर्यत भरभरून देते.

आता एकच जागा दाखवायची राहिली. पुन्हा वीकडे वळू, आणि शेवटच्या फेरीत, शेवटच्या सरळ पट्ट्याच्या तोंडाशी उभे राहू. या गाड्यांना पंख नाहीत, शक्ती तुटपुंजी, आणि उघडी चाके हवेला सारखी नांगरत असतात. त्यामुळे पुढच्या गाडीने फाडलेल्या हवेत जी पोकळी राहते तिला इथे सोन्याचे मोल येते. मुसळधार पावसात कर्नाळ्याच्या खिंडीतून चालणारी माणसे एकामागे एक, पुढच्याच्या पाठीचा आडोसा घेत चालतात, तशा चार-पाच-सहा गाड्या एका ओळीत, नाकाला शेपूट लावून धावतात. सगळ्यांची इंजिने सारखी, पण ओळीतल्या गाड्यांना एकट्या गाडीपेक्षा वेग अधिक; दोन प्रतिस्पर्धी एकमेकांच्या आडोशाला राहून तिसऱ्याला गाठतात, आणि मग एकमेकांशी झुंजतात. म्हणून या वर्गात शेवटच्या वळणातून पहिले बाहेर पडणे शहाणपणाचे नसते. पुढे असलेल्याला हवा एकट्याने फाडायची असते. दुसरा त्याच्या पाठीशी, अगदी हातभर अंतरावर, त्याचे इंजिन त्या आडोशात हलके झालेले, वेगाची थोडी शिल्लक गाठीला बांधून. तो थांबला आहे. पुढच्याने आरसा पाहिला. त्यालाही ठाऊक आहे. तो किंचित डावीकडे सरकतो, आडोसा मोडायला. मागचाही सरकतो. पट्टा निम्मा संपला. झेंडा हातात घेतलेला माणूस दिसू लागला. आणि मग आपण ज्याच्यासाठी इतका वेळ कठड्याला टेकून उभे होतो ते घडते: मागच्या गाडीची ती दोन उघडी चाके, बोटभर, अगदी बोटभर, उजवीकडे वळतात.